आपल्या खासदाराने मत कोणत्या बाजूने दिले, हे नोंदींत का सापडत नाही?

लोकसभेची निवडणूक जवळ आली की खासदारांच्या कामगिरीचे तक्ते मोबाइलवर फिरू लागतात. हजेरी इतके टक्के, विचारलेले प्रश्न इतके, चर्चेतील सहभाग इतक्या वेळा, मांडलेली अशासकीय विधेयके इतकी, आणि प्रत्येक आकड्याशेजारी राज्याची व देशाची सरासरी, असे त्यांचे साधारण रूप असते. यातील बहुतेक आकडे संसदेच्याच नोंदींतून घेतलेले असतात आणि २००५ पासून काम करणाऱ्या पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संस्थेने ते एकत्र मांडलेले असल्यामुळे ते सहसा खोटेही नसतात. मात्र ज्या एका गोष्टीसाठी आपण प्रतिनिधी निवडून पाठवतो, ती म्हणजे कायदा संमत होताना त्याने हात कोणत्या बाजूने वर केला, तिचा रकाना त्या तक्त्यात नसतो. हा तक्ता करणाऱ्यांचा आळस नव्हे. आपल्याकडे मतदान घेण्याची रीतच अशी आहे की बहुतेक वेळा व्यक्तिगत मताची नोंद तयारच होत नाही.

सभागृहात चर्चा संपली की पीठासीन अधिकारी प्रस्ताव मताला टाकतात. महाराष्ट्र विधानसभेचे कामकाज ज्यांनी थेट प्रक्षेपणात पाहिले असेल, त्यांच्या कानांवर तो मंत्र पडलेला असेल: अनुकूल असतील त्यांनी ‘होय’ म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी ‘नाही’ म्हणावे, आणि लगोलग ‘होयचे बहुमत, होयचे बहुमत, विधेयक संमत झाले आहे.’ लोकसभेत आणि राज्यसभेतही पद्धत तीच. याला आवाजी मतदान म्हणतात. कोणता आवाज मोठा होता याचा निर्णय अध्यक्षांचा कान करतो आणि कामकाजाच्या वृत्तांतात फक्त ‘प्रस्ताव संमत झाला’ एवढी ओळ उरते. त्या क्षणी अमुक खासदार ‘होय’ म्हणाला, ‘नाही’ म्हणाला, की बाहेर चहा पीत होता, हे पुढे कोणालाही शोधून काढता येत नाही. बहुसंख्य विधेयके आणि जवळजवळ सगळ्या दुरुस्त्या याच मार्गाने निकालात निघतात.

नावानिशी नोंद होते ती मतविभागणी झाली तरच. महाराष्ट्राच्या विधिमंडळात तिला बोलीभाषेत ‘पोल’ म्हणतात. आवाजी कौलाला सदस्याने आव्हान दिले की लोकसभेत घंटा वाजू लागतात, बाहेर असलेल्यांना आत येण्यासाठी साडेतीन मिनिटांचा अवधी मिळतो, मग लॉबीचे दरवाजे बंद होतात आणि प्रत्येक सदस्य आपल्या जागेवरील बटणाने मत देतो: बाजूने हिरवे, विरोधात लाल, तटस्थ राहायचे तर पिवळे. यंत्राने काम केले नाही किंवा कोणाचे मत चुकीचे पडले, तर त्याच रंगांच्या चिठ्ठ्या भरून घेतल्या जातात. म्हणूनच अध्यक्ष निकाल जाहीर करताना ‘दुरुस्तीच्या अधीन राहून’ असे शब्द आवर्जून वापरतात. १७ डिसेंबर २०२४ रोजी ‘एक देश, एक निवडणूक’ विधेयक मांडण्यास परवानगी द्यावी की नाही यावर मतविभागणी झाली, तेव्हा यंत्राने आधी दाखवलेला कौल २२० विरुद्ध १४९ असा होता आणि चिठ्ठ्या मोजल्यानंतरचा अंतिम कौल २६९ विरुद्ध १९८ असा निघाला. पडद्यावरील पहिल्या आकड्यांचे छायाचित्र काढून ‘आमच्या खासदाराने मतच दिले नाही’ असा गवगवा करणाऱ्यांनी हा फरक लक्षात ठेवावा. नावांची खरी यादी त्या दिवसाच्या छापील वृत्तांतात, त्या विषयाच्या शेवटी, बाजूने आणि विरोधात अशा दोन गटांत दिलेली असते आणि मागाहून केलेल्या दुरुस्त्या तिथेच तळटीपेत सापडतात.

घटनादुरुस्तीला विशेष बहुमत लागते. सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांपैकी किमान दोन तृतीयांश, अशा दोन्ही अटी पुऱ्या झाल्या की नाही हे मोजल्याशिवाय ठरत नाही. त्यामुळे घटनादुरुस्तीच्या वेळी मतविभागणी होतेच, आणि शोध घेणाऱ्याला भरवशाने नावे मिळण्याची ही सर्वांत चांगली जागा होय. २० सप्टेंबर २०२३ रोजी महिला आरक्षणाचे विधेयक लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी संमत झाले. ती दोन मते कोणाची, याचे उत्तर नोंदीत आहे: हैदराबादचे असदुद्दीन ओवैसी आणि तेव्हाच्या औरंगाबाद मतदारसंघाचे इम्तियाज जलील. इतर मागासवर्गीय आणि मुस्लिम महिलांसाठी त्या आरक्षणात स्वतंत्र वाटा नाही, हा त्यांचा आक्षेप होता. हा आक्षेप कोणाला पटो वा न पटो, त्या मतदारसंघातील मतदाराला आपला प्रतिनिधी कोठे उभा होता हे कायमचे ठाऊक झाले, आणि शेजारच्या मतदारसंघातील मतदारालाही तितकेच ठाऊक झाले. दुसऱ्या दिवशी राज्यसभेत तेच विधेयक २१४ विरुद्ध शून्य मतांनी संमत झाले.

साध्या विधेयकाच्या बाबतीत मात्र मतविभागणी कोणीतरी मागावी लागते, आणि ती मान्यही व्हावी लागते. लोकसभेच्या नियमानुसार मागणी अनाठायी आहे असे अध्यक्षांना वाटले, तर ते दोन्ही बाजूंच्या सदस्यांना आपापल्या जागी उभे करून नुसती डोकी मोजू शकतात, आणि अशा वेळी मत देणाऱ्यांची नावे नोंदवली जात नाहीत. सभागृहात गोंधळ असेल तर पेच आणखी वाढतो. २० सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेत कृषी विधेयके आवाजी मतदानाने संमत झाल्याचे जाहीर झाले. विरोधकांनी मतविभागणी मागितली होती. सदस्य आपल्या जागेवर नसल्यामुळे ती घेता आली नाही, अशी बाजू उपसभापतींकडून मांडली गेली. दुसऱ्या दिवशी आठ सदस्य निलंबित झाले, त्यांत महाराष्ट्रातील काँग्रेसचे राजीव सातव होते. ज्या कायद्यांविरुद्ध पुढे वर्षभर आंदोलन चालले आणि जे अखेर मागे घेतले गेले, त्यांवर राज्यसभेतील कोणत्या सदस्याने काय मत दिले याची यादी अस्तित्वातच नाही. माझ्या मते भारतीय संसदेच्या नोंदींतील ही सर्वांत मोठी पोकळी आहे.

महाराष्ट्रापुरते पाहायचे, तर एकाच सभागृहातील तीन विश्वासदर्शक ठराव शेजारी ठेवून पाहावेत. १२ नोव्हेंबर २०१४ रोजी देवेंद्र फडणवीस यांच्या सरकारवरील विश्वासाचा ठराव अध्यक्ष हरिभाऊ बागडे यांनी आवाजी मतदानाने संमत झाल्याचे जाहीर केले. भाजपजवळ तेव्हा बहुमताला लागणारे स्वतःचे १४५ आमदार नव्हते, शिवसेना विरोधी बाकांवर होती आणि राष्ट्रवादी काँग्रेसने बाहेरून पाठिंबा देऊ केला होता, म्हणजे कोण ‘होय’ म्हणाले हाच त्या दिवशीचा कळीचा प्रश्न होता. शिवसेना आणि काँग्रेसने मतविभागणीचा आग्रह धरला, ती झाली नाही, आणि राष्ट्रवादीच्या आमदारांनी प्रत्यक्षात काय केले हे सांगणारा कागद मागे राहिला नाही. २०१९ साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा २६ नोव्हेंबरच्या आदेशात न्यायालयाने बहुमत चाचणी गुप्त मतदानाने न घेता उघडपणे घ्यावी आणि तिचे थेट प्रक्षेपण करावे, असे स्पष्टच बजावले. पुढे ३० नोव्हेंबर रोजी उद्धव ठाकरे यांच्या सरकारने शिरगणतीने १६९ मते मिळवली, चार आमदार तटस्थ राहिले आणि भाजपने सभात्याग केला. ४ जुलै २०२२ रोजी एकनाथ शिंदे यांच्या सरकारवरील ठरावही १६४ विरुद्ध ९९ असा शिरगणतीनेच संमत झाला. शिरगणतीत प्रत्येक आमदार उभा राहून आपले नाव आणि अनुक्रमांक उच्चारतो. संथ, काहीसा कंटाळवाणा प्रकार, पण त्यातून निघणारी नोंद शंकेला जागा ठेवत नाही. त्या दिवशी काँग्रेसचे काही आमदार वेळेत पोचले नाहीत आणि दार बंद झाल्यामुळे बाहेरच राहिले, हेही त्यामुळेच उघड झाले.

समजा, नावानिशी नोंद मिळाली, तरी ती त्या खासदाराबद्दल किती सांगते? इथे पक्षांतरबंदीचा कायदा आडवा येतो. १९८५ सालच्या ५२व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला दहावे परिशिष्ट जोडले. त्यानुसार पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत देणारा किंवा मतदानाला गैरहजर राहणारा सदस्य अपात्र ठरू शकतो, अपवाद फक्त आगाऊ परवानगीचा किंवा पंधरा दिवसांच्या आत पक्षाने केलेल्या माफीचा. हा आदेश म्हणजे पक्षादेश ऊर्फ व्हीप, आणि तो बजावणारा तो प्रतोद. आदेशपत्रातील मजकूर तीन रेघांनी अधोरेखित केलेला असला की ‘हजर राहा आणि सांगितल्याप्रमाणेच मत द्या’ असा त्याचा अर्थ. १९९२ सालच्या किहोटो होलोहन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला, पण असा आदेश सरकारच्या अस्तित्वाशी किंवा पक्षाच्या मुख्य धोरणाशी संबंधित मतदानापुरता असावा, असेही मत नोंदवले. व्यवहारात पक्ष तेवढ्यावर थांबत नाहीत. म्हणून अमुक खासदाराने अमुक विधेयकाच्या बाजूने मत दिले, हे वाक्य बहुतेक वेळा त्याच्या पक्षाबद्दल माहिती देते, त्याच्या स्वतःच्या विचारांबद्दल फार थोडी. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांना तेथील प्रतिनिधींच्या मतांच्या याद्या वाचण्याची सवय असते. तेथे पक्षाविरुद्ध मत दिल्याने सदस्यत्व जात नाही, त्यामुळे तेथील यादीचा अर्थ वेगळा होतो. ती मोजपट्टी जशीच्या तशी इकडे लावू नये.

पक्षादेश नेमका कोणाचा, हाही वाद होऊ शकतो हे महाराष्ट्राइतके कोणी जवळून पाहिले नसेल. जुलै २०२२ मध्ये शिवसेनेच्या आमदारांवर दोन बाजूंचे दोन प्रतोद आदेश बजावत होते. ११ मे २०२३ च्या निकालात घटनापीठाने प्रतोद नेमण्याचा अधिकार विधिमंडळ पक्षाचा नसून राजकीय पक्षाचा आहे असे सांगून शिंदे गटाचे प्रतोद भरत गोगावले यांच्या नेमणुकीला अध्यक्षांनी दिलेली मान्यता बेकायदेशीर ठरवली. मात्र मूळ राजकीय पक्ष कोणता हे ठरवण्याचे काम अध्यक्षांकडेच सोपवले. अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी १० जानेवारी २०२४ रोजी शिंदे गट हाच खरा पक्ष असल्याचा निर्णय दिला आणि कोणत्याही बाजूच्या आमदारांना अपात्र केले नाही. त्या दिवसांतील मतांची यादी चाळताना हा सारा पट मागे धरावा लागतो, नाहीतर तेच मत एका वाचकाला निष्ठा वाटेल आणि दुसऱ्याला बंडखोरी.

पक्षादेश लागू नसलेल्या थोड्या जागा आहेत आणि तिथे व्यक्तीचे मत खऱ्या अर्थाने व्यक्तीचे असते. अपक्षांना कोणी प्रतोद नसतो. राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपतींच्या निवडणुकीत पक्षादेश काढता येत नाही, पण ते मतदान गुप्त असल्याने नोंदीच्या दृष्टीने निरुपयोगी. राज्यसभेच्या निवडणुकीत आमदार आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवतात, तरी पक्षाविरुद्ध मत दिले म्हणून दहाव्या परिशिष्टाखाली अपात्रता येत नाही.

मग खासदाराचे स्वतःचे असे काय उरते? प्रश्न, भाषणे, सुचवलेल्या दुरुस्त्या, अशासकीय विधेयके आणि समित्यांतील काम. या गोष्टींना पक्षाची परवानगी लागत नाही असे नाही, पण इथे व्यक्तीचा कल, अभ्यास आणि चिकाटी दिसायला वाव असतो.

प्रश्नांपासून सुरुवात करणे सोयीचे, कारण त्यांची नोंद सर्वांत नीटस असते. लोकसभेत दररोज २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न यादीवर येतात, राज्यसभेत १५ आणि १६०. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी मिळते आणि विषय तिथेच संपतो. प्रश्नाची सूचना किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते आणि यादीत कोणाचा क्रमांक वर लागेल हे चिठ्ठी काढून ठरते. अर्थात तारांकित प्रश्न यादीत पहिला येणे हा कर्तबगारीचा नव्हे, नशिबाचा भाग आहे. वीसपैकी प्रत्यक्षात चार-सहा प्रश्नच तासाभरात बोलले जातात आणि प्रश्नोत्तराचा तास गोंधळात वाहून गेला तर तेवढेही नाही.

संख्येवर फार विसंबू नये असे मी म्हणतो त्याला कारणे आहेत. महाराष्ट्राचे खासदार प्रश्नांच्या संख्येत नेहमीच वरच्या क्रमांकांत असतात, हे खरे आणि कौतुकाचेही आहे. पण एकाच आशयाच्या प्रश्नावर अनेक सदस्यांची नावे एकत्र जोडली जातात आणि प्रत्येकाच्या खात्यावर एक प्रश्न जमा होतो. प्रश्न कार्यालयातील साहाय्यक लिहितात, संघटना लिहून देतात, कधी कधी त्याहून वाईट घडते: डिसेंबर २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारण्याच्या प्रकरणात ११ खासदारांना संसदेतून काढून टाकण्यात आले, त्यांत महाराष्ट्रातील दोघे होते. त्यांच्या खात्यावरचे ते प्रश्न कोणत्याही तक्त्यात इतरांच्या प्रश्नांइतकेच मोजले गेले असते.

म्हणून प्रश्न वाचावा. विधानसभेच्या तारांकित प्रश्नाचा साचा ठरलेला असतो: मंत्री महोदय पुढील बाबींचा खुलासा करतील काय, (१) अमुक तालुक्यातील अमुक योजनेचे काम रखडले आहे, हे खरे आहे काय, (२) असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय, (३) चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कारवाई केली वा करण्यात येत आहे, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? उत्तराचाही साचा आहे: ‘हे अंशतः खरे आहे’, मग दोन ओळी, आणि शेवटी ‘प्रश्न उद्भवत नाही’. या चार कप्प्यांत खरी माहिती पकडायची तर प्रश्न विचारणाऱ्याला आधीच बरेच ठाऊक असावे लागते. ‘राज्यात पाणीटंचाई आहे, हे खरे आहे काय’ असे विचारले तर ‘होय’ हे उत्तर येऊन काहीच हाती लागत नाही. योजनेचे नाव, मंजुरीचे वर्ष, मंजूर आणि खर्च झालेली रक्कम, कंत्राटाची मुदत असे नेमके बोट ठेवले की खात्याला आकडे द्यावे लागतात, आणि ते आकडे पुढे वर्षानुवर्षे पत्रकार व कार्यकर्ते वापरतात. एका सदस्याचे एका विषयावरील तीन-चार अधिवेशनांतील प्रश्न ओळीने वाचून पाहावेत. पुढचा प्रश्न मागच्या उत्तरातून निघालेला दिसला, तर तो सदस्य काम करतो आहे. दर वेळी वर्तमानपत्रातील ताज्या बातमीवर उडी दिसली, तर त्या संख्येला फार भाव देण्याचे कारण नाही.

भाषणांच्या बाबतीत ‘चर्चेतील सहभाग’ हा आकडा आणखी फसवा असतो, कारण अर्थसंकल्पावरील वीस मिनिटांचे भाषण आणि शून्य प्रहरात मांडलेला दोन मिनिटांचा मुद्दा हे दोन्ही त्यात एकेक म्हणूनच धरले जातात. शिवाय पक्षाच्या संख्याबळानुसार वेळ वाटला जात असल्याने मोठ्या पक्षातील नवख्याला ओळीत उभे राहावे लागते आणि एकट्या सदस्याच्या पक्षाला दोन-तीन मिनिटे का होईना, पण मिळतात. सचिन तेंडुलकर २०१२ ते २०१८ या काळात राज्यसभेचे नामनियुक्त सदस्य होते आणि त्यांच्या अल्प हजेरीवर टीका झाली, ती रास्तच होती. पण डिसेंबर २०१७ मध्ये खेळण्याच्या हक्कावर बोलायला ते उभे राहिले तेव्हा गोंधळामुळे त्यांना बोलता आले नाही आणि ते भाषण त्यांनी नंतर समाजमाध्यमावर टाकले. सभागृहाच्या नोंदीत त्या भाषणाला जागा नाही.

अशासकीय विधेयके म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेली विधेयके. लोकसभेत शुक्रवारी दुपारनंतरचा अडीच तासांचा वेळ अशासकीय कामकाजासाठी ठेवलेला असतो. १९५२ पासून आजवर अशी केवळ १४ विधेयके दोन्ही सभागृहांत संमत होऊन कायदा बनली आणि १९७० नंतर एकही नाही. तेव्हा ‘मांडलेली विधेयके: १२, संमत: शून्य’ अशी टिंगल करण्यात अर्थ नसतो, सगळ्यांचेच शून्य आहे. राजापूरचे खासदार नाथ पै यांनी १९६७ साली, संसदेला मूलभूत हक्कांना धक्का लावता येणार नाही असा गोलकनाथ खटल्याचा निकाल आल्यानंतर, मूलभूत हक्कांच्या भागातही दुरुस्ती करण्याचा संसदेचा अधिकार स्पष्ट करणारे घटनादुरुस्ती विधेयक मांडले. ते संमत झाले नाही. जानेवारी १९७१ मध्ये नाथ पै गेले आणि त्याच वर्षी सरकारने आणलेल्या २४व्या घटनादुरुस्तीने जवळपास तीच गोष्ट केली. ती दुरुस्ती योग्य होती की नव्हती यावर आजही दोन मते आहेत, पण एका विरोधी खासदाराच्या विधेयकाने देशातील चर्चेचा विषय ठरवला, हे कोणत्याही तक्त्यात ‘शून्य’ म्हणूनच दिसेल.

सरकारी विधेयकावर सदस्यांनी सुचवलेल्या दुरुस्त्यांकडे तर कोणाचेच लक्ष जात नाही, आणि माझ्या मते सर्वांत कमी वापरलेला ऐवज तोच आहे. कलमवार विचार सुरू झाला की दुरुस्ती देणारा सदस्य ‘मी माझी दुरुस्ती मांडतो’ म्हणतो, ती आवाजी मतदानाने फेटाळली जाते, अर्ध्या मिनिटात सगळे आटोपते. पण दुरुस्तीचा मजकूर आणि मांडणाऱ्याचे नाव वृत्तांतात राहते. ‘तीस दिवस’ऐवजी ‘साठ दिवस’ किंवा ‘करू शकेल’ऐवजी ‘करील’ एवढा बदल सुचवण्यासाठी विधेयक ओळ न ओळ वाचलेले असावे लागते. बिहारमधून निवडून जाणारे आपले मधु लिमये नियमपुस्तिकेवरील अशाच हुकमतीसाठी ओळखले जात.

समित्यांचे काम बंद दाराआड चालते. खात्यांशी निगडित २४ स्थायी समित्या आहेत, प्रत्येकीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० सदस्य. तेथे कॅमेरे नसतात, पक्षादेश लागू नसतो, त्यामुळे चर्चा पुष्कळदा सभागृहापेक्षा गंभीर होते असे जुने खासदार सांगतात. बाहेरच्याला शब्दशः भाषणे मिळत नाहीत, पण समितीचा अहवाल पटलावर ठेवला गेला की त्याच्या शेवटी बैठकांची इतिवृत्ते जोडलेली असतात आणि त्यांत त्या दिवशी कोण उपस्थित होते याची नावे असतात. काही अहवालांत असहमतीच्या टिपणीही असतात. आपला खासदार ज्या समितीवर आहे तिचे दोन-तीन अहवाल उघडून शेवटची पाने पाहावीत; सभागृहातील ९५ टक्के हजेरी आणि समितीच्या बैठकांना सततची गैरहजेरी अशी जोडी तिथे सापडू शकते.

आता हजेरी. ती अनेक वर्षे सभागृहाबाहेर ठेवलेल्या नोंदवहीत सही करून लावली जाई. २०२४ मध्ये लोकसभेत टॅबलेटवर डिजिटल पेनाने सही करण्याची सोय झाली. दैनिक भत्ता या सहीशी बांधलेला आहे. सही करून पाच मिनिटांत निघून गेलेला आणि रात्री उशिरापर्यंत बसलेला, दोघांची हजेरी सारखीच लागते. मंत्री या नोंदवहीत सही करत नाहीत, त्यामुळे त्यांच्या नावापुढचा रिकामा रकाना पाहून ते गैरहजर होते असे समजू नये. ते प्रश्नही विचारत नाहीत, उत्तरे देतात. निलंबनाचा परिणामही पाहावा लागतो. डिसेंबर २०२३ च्या हिवाळी अधिवेशनात दोन्ही सभागृहांतील मिळून १४६ सदस्य निलंबित झाले, त्यांत सुप्रिया सुळे आणि अमोल कोल्हे होते. निलंबित सदस्यांची हजेरी बुडते, त्यांचे यादीतील प्रश्न गळतात आणि त्या दिवसांत संमत झालेल्या कायद्यांवर, जसे की नवे तीन फौजदारी कायदे, त्यांचे मत असणेच शक्य नसते. टक्केवारी कशातून काढली आहे तेही पाहावे: पहिल्या लोकसभेच्या ६७७ बैठका झाल्या होत्या, सतराव्या लोकसभेच्या २७४. नव्वद टक्के हजेरीचा अर्थ या दोन काळांत एकच नाही.

हे सारे शोधायचे कोठे, तर संसदेच्या बाबतीत फार वणवण करावी लागत नाही. संसदेच्या संकेतस्थळावर प्रत्येक सदस्याच्या नावाखाली प्रश्न, चर्चा, अशासकीय विधेयके आणि हजेरी मिळते आणि पहिल्या लोकसभेपासूनचे वृत्तांत संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात आहेत. मतविभागणीसाठी मात्र सदस्याच्या नावाने शोधून उपयोग होत नाही. विधेयक संमत झाल्याची तारीख शोधावी, त्या तारखेचा वृत्तांत उघडावा आणि नावांच्या यादीत आपल्या खासदाराचे नाव पाहावे. विधिमंडळाचे काम त्या मानाने कठीण जाते. कामकाज मराठीत असल्याने वाचायला सोपे, पण सदस्यवार एकत्रित माहिती तयार मिळत नाही; प्रश्नांच्या याद्या, लक्षवेधी सूचना, अर्धा तास चर्चा हे सगळे दिवसवार चाळावे लागते. मुंबईतील आमदारांपुरते हे काम प्रजा फाउंडेशन आपल्या वार्षिक प्रगतिपुस्तकातून करते. उरलेल्या जिल्ह्यांसाठी विधिमंडळ सचिवालयाकडे माहिती अधिकाराचा अर्ज हा मार्ग आहे, आणि अर्जात ‘आमदारांचे काम’ असे मोघम न लिहिता अधिवेशन, कामकाजाचा प्रकार आणि सदस्याचे नाव लिहिले तर उत्तर लवकर येण्याची शक्यता वाढते.

शेवटची एक नोंद बहुतेकांच्या नजरेतून सुटते. उत्तर देताना मंत्री ‘माहिती घेऊन पटलावर ठेवली जाईल’ किंवा ‘प्रकरण विचाराधीन आहे’ असे म्हणतात, तेव्हा त्याची आश्वासन म्हणून नोंद होऊ शकते. संसदेत अशा आश्वासनांवर लक्ष ठेवणारी स्वतंत्र समिती आहे आणि पूर्ततेसाठी साधारण तीन महिन्यांची मुदत धरली जाते. महाराष्ट्रातही आश्वासन समिती आहे. खासदाराने विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तरात असे वाक्य आढळले, तर उत्तराची तारीख टिपून ठेवावी, तीन महिन्यांनंतर त्या आश्वासनाची पूर्तता झाली का ते पाहावे आणि झाली नसेल तर त्याच खासदाराने पुढच्या अधिवेशनात तो विषय पुन्हा काढला का, हे प्रश्नांच्या नव्या यादीत शोधावे.